ड) इतर, नमूद करा

एकशे वीस फॉर्म हवे होते.
पाठराबे सर म्हणाले, त्याखाली नमुना म्हणजे नुसत्या गप्पा.
मार्चचा दुसरा आठवडा, कूलरमधलं गवत अजून बदललेलं नाही,
आणि मी, बी.ए. तिसरं वर्ष, समाजशास्त्र,
झेरॉक्सचा गठ्ठा छातीशी धरून कॅन्टीनच्या दारात
माझ्याच वयाच्या पोरांना विचारते,
तुम्ही अभ्यास कुठे करता?

अ) घरी. ब) ग्रंथालयात. क) वसतिगृहात.
ड) इतर, नमूद करा.
पुढे एक रेघ. दीड बोटाची.

पहिल्या दिवशी तर्रीपोह्याच्या गाडीवर सहा भरले,
दोहोंवर तर्री सांडली.
त्या कागदांतून अजून पलीकडचं अक्षर दिसतं.
एक जण म्हणाला, "काहून विचारून राहिली वो?
पैसे भेटते का यात?"
म्हटलं, दोन क्रेडिट.
"मंग भरून टाक ना माह्याही नावानं."

शिफा कुरैशी, बी.कॉम. दुसरं, मोमिनपुरा, घरात सात जण.
तिनं लिहिलं: मेट्रो स्टेशनवर, जिन्याशेजारी.
तिथं गार असतं,
आणि तिकिटाच्या दारापर्यंत कोणी उठवत नाही.

देवानंद उईके रेघ ओलांडतो,
समासात चढतो, पान उलटतो:
रात्री कळमन्याला संत्री निवडतो, लहान, मध्यम, मोठं.
गाडी यायला वेळ असला की वजनकाट्यावर बसतो,
दिवा बरोबर त्याच्यावर आहे.
पुस्तकासकट त्रेपन्न किलो.

सरांनी कोडिंग शिकवलं.
घर एक, ग्रंथालय दोन, वसतिगृह तीन,
बाकी सगळे नऊ.
मी खान्याखान्यात नऊ टाकत गेले.
शिफा नऊ. उईके नऊ.
मेडिकलच्या वॉर्डात आईच्या खाटेखाली चटई टाकणारी, नऊ.
मोबाइलच्या दुकानात अर्धं शटर ओढून वाचणारा, नऊ.
एकानं नुसतं "जमत नाही" लिहिलं होतं.
त्यालाही.

सत्तेचाळीस नऊ.
सरांनी चष्मा पुसला, परत घातला.
"निखारे, प्रश्न चुकला तुझा.
आधी दहा जणांना विचारून पाहायचं असतं."
आणि अहवाल तसाच बांधायला सांगितला,
कारण शुक्रवारी परीक्षक येणार होते.

एक गोष्ट अहवालात नाही.
भरलेले फॉर्म एकशे एकोणीस होते.
शेवटचा मीच भरला, वेगळ्या पेनानं,
गोळीबार चौकातल्या आमच्या पुढच्या खोलीत.
आजोबांचा माग भंगारात गेला, खड्डा राहिला.
त्यात पाय सोडून बसलं की जमीनच टेबल होते,
गुडघ्यांना मातीचा गारवा लागतो,
मे महिन्यातसुद्धा.
हे लिहायला दीड बोट पुरलं नसतं.
मी "घरी"वर खूण केली.

परीक्षक अमरावतीचे होते, घाईत होते.
नमुना कसा निवडला?
म्हटलं, सोयीचा नमुना, सर.
पुस्तकात तोच शब्द आहे.
त्यांनी मान डोलावली, चहा घेतला,
पंचवीसपैकी एकोणीस.

उईके परवा सीताबर्डीला भेटला,
सायकल हातात धरून, कॅरिअरला पिशवी.
"निघालं का वो काही, तुमच्या त्या फॉर्मातून?"
म्हटलं, प्रश्न चुकला होता.
तो विचारात पडला, खरोखरच पडला,
मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवत होता तरी.
मग म्हणाला,
"आमच्याकडं तीन ढीग करते ना, मोठं, मध्यम, लहान.
पण चौथा होतेच रोज.
डाग असलेलं, देठ तुटलेलं, दोन जुळलेली.
तो कोणी लिहीत नाही. तो आम्ही घरी नेतो."

पिशवीतून दोन काढून दिली.
एक तिथंच सोललं, उभ्यानं.
आंबट निघालं.
दुसरं अजून फोडलेलं नाही,
टेबलावर आहे.
म्हणजे, जमिनीवर.